पुलापलीकडची परकी कंपनी

अर्लीन निस्काला नदीच्या मिशिगनकडच्या काठावर जन्मली, मेनोमिनीत. पण तिची अक्कलदाढ काढली ती पलीकडच्या डॉक्टरनं, लग्नाचा झगा शिवला तो पलीकडच्या शिंपिणीनं, आणि शुक्रवारचा तळलेला मासा खायला तर अजूनही सगळं गाव पूल ओलांडून मॅरिनेटला जातं. पलीकडे विस्कॉन्सिन आहे, वेगळं राज्य आहे, हे तिथं कुणाच्या रोजच्या ध्यानात नसतं. अर्लीनच्याही नव्हतं, साठी उलटेपर्यंत.

ती शाळेची बस चालवायची. आईला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा तिचं आयुष्य वेगळ्याच वळणाला लागलं. इस्पितळातून आईला घरी आणलं, गाडी दाराशी थांबली आणि आई गाडीतच बसून राहिली. चाकाच्या खुर्चीसमोर घराच्या पायऱ्या उभ्या होत्या. शेजाऱ्यांनी तिला खुर्चीसकट उचलून कपाट चढवावं तसं वर नेलं. त्यानंतर तो अख्खा हिवाळा तिनं बाहेर पाऊल टाकलं नाही.

बर्फ वितळल्यावर अर्लीननं धाकट्या भावाला, डेलला, बोलावलं. डेल बोटींच्या कारखान्यात सुतारकाम करायचा. दोघांनी मिळून पायऱ्यांवरून फळ्यांचा उतार बांधला, आणि तो इतका उभा झाला की आई खुर्चीसकट सुसाट खाली गेली ती थेट लायलॅकच्या झुडपात. दोघं धावत पोहोचली तर आई पानांमध्ये बसून हसत होती, कितीतरी महिन्यांनी.

मग त्यांनी नीट शिकून घेतलं. एक इंच चढायचं तर फूटभर लांबी हवी, कठडा कुठं हवा, बर्फात फळी निसरडी होऊ नये म्हणून काय करायचं. आईचा उतार बघून शेजारचे मागू लागले, मग चर्चमधले. अर्लीननं बस सोडली, डेलनं कारखाना सोडला आणि दोघांनी कंपनी काढली. नाव आईनं दिलं, ‘ओपन डोअर’. आई गेली, नाव राहिलं. पांढऱ्या व्हॅनवर निळ्या अक्षरांत ते गावभर फिरू लागलं.

पलीकडची लहानसहान कामं ती अधूनमधून करायचीच. कुणाचा कठडा बसव, कुणाची फळी बदल. त्याचं कुणाला काही नव्हतं. पण एका वसंतात मॅरिनेटमधल्या एका संस्थेनं तिला बोलावलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची घरं दुरुस्त करून देणारी ही संस्था. अनेक घरांना उतार हवे होते, वर्षभर पुरेल एवढं काम. तिथल्या बाईंनी सगळं ठरवलं, हात मिळवला आणि जाता जाता विचारलं, “आमच्या राज्यात नोंदणी आहे ना तुमच्या कंपनीची?”

“मी पुलापलीकडेच राहते,” अर्लीन म्हणाली.

“ते ठाऊक आहे मला. पण इकडे तुम्ही परकी कंपनी. नोंदणीशिवाय मला करार करता येणार नाही.”

घरी येऊन तिनं डेलला सांगितलं. तो टेबलाशी तिनं केलेली पेस्टी, मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, खात बसला होता.

“परकी?” तो म्हणाला. “मग पासपोर्ट काढू का? तिकडची भाषा येत नाही मला.”

“डेल, गप्प बस. हे काम मला हवंय.”

“मलाही हवंय. पण परक्या बाईच्या हातचं खातोय मी, जरा जपून बोलायला नको?”

नोंदणी तशी अवघड नव्हती. कंपनी घरच्या राज्यात सुस्थितीत आहे असा मिशिगनचा दाखला हवा होता, तो आला. अर्ज भरला, पाठवला. आणि तो परत आला. विस्कॉन्सिनमध्ये ‘ओपन डोअर’ नावाची कंपनी आधीच होती. कचेरीत फोन केला तेव्हा पलीकडच्या माणसानं शांतपणे सांगितलं की एकतर त्या लोकांनी नाव सोडायला हवं, नाहीतर आमच्या राज्यापुरतं तुम्ही दुसरं नाव घ्या. शिवाय अर्जात आणखी एक रकाना रिकामा आहे. विस्कॉन्सिनमध्ये राहणारा तुमचा प्रतिनिधी कोण? टपालपेटी चालणार नाही. खरं घर हवं आणि कामाच्या वेळात तिथं माणूस हवा, कारण कोर्टाची किंवा सरकारची नोटीस आली तर ती कुणाच्या तरी हातात द्यावी लागते.

नाव मात्र अर्लीनला सोडवेना. तिनं त्या दुसऱ्या ‘ओपन डोअर’चा पत्ता शोधला. मॅरिनेटमध्येच, नदीपासून चार गल्ल्या आत. मालक नॉर्बर्ट डेल्व्हो. काय बोलायचं ते तिनं व्हॅनमध्ये पाठ केलं. गावात कुणी ऐकलंही नाही असं नाव अडवून ठेवण्यात तुमचाही फायदा नाही, असं काहीतरी.

दार उघडलं ते ऐंशीच्या घरातल्या, ताठ कण्याच्या माणसानं. पुढची खोली म्हणजे दुकान होतं. भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर लोकरीचे गुंडे. बरेच कप्पे रिकामे होते, पण धूळ कुठं नव्हती.

“लोकर हवी का?” त्यानं विचारलं. “हिरवी संपलीय.”

“लोकर नको, मिस्टर डेल्व्हो. मी तुमचं नाव मागायला आलेय.”

“या वयात? मला वाटलं, त्या गोष्टी संपल्या.”

अर्लीन लाजली नि हसलीही. मग तिनं सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता. तिचं संपल्यावर त्यानं मान हलवली.

“नाही,” तो म्हणाला. “हे दुकान रोझमेरीचं होतं. माझ्या बायकोचं. बायका इथं विणत बसायच्या, अख्खा हिवाळा. ती जाऊन सहा वर्षं झाली. आता महिन्यातून एखादा गुंडा जातो. मुलगी म्हणते, बंद करा. पण वर्षातून एकदा सरकार मला विचारतं, ‘ओपन डोअर’ चालू आहे का? आणि मी लिहितो, हो, चालू आहे. तेवढं लिहायचं असतं मला.”

व्हॅनमध्ये पाठ केलेलं भाषण अर्लीनच्या ओठांवर होतं. ते तिनं गिळलं. आपल्या व्हॅनवरची निळी अक्षरं कुणी खरवडायला आलं असतं, तर आपण त्याला दारातही उभं केलं नसतं, हे तिला समजत होतं.

“मग तुमच्याकडेच राहू दे,” ती म्हणाली. “आमच्या आईनं ठेवलं होतं, म्हणून विचारायला आले.”

नॉर्बर्टनं तिच्याकडे नीट पाहिलं. “बसा,” तो म्हणाला. “कॉफी आहे. फार चांगली नाही.”

कॉफी खरोखरच चांगली नव्हती. दोघं ती पीत बसली. आई झुडपात कशी जाऊन पडली ते अर्लीननं सांगितलं, आणि नॉर्बर्ट हसता हसता खोकला. मग त्यानं विचारलं, “आता काय करणार?”

“दुसरं नाव शोधणार. डेल म्हणतो, ‘घसरगुंडी’ ठेव.”

“तुमचं आडनाव का नाही?”

“निस्काला? कुणाला लिहिता येत नाही ते.”

“आणि डेल्व्हो येतं? ऐंशी वर्षं लोक चुकीचं लिहितायत, माझं काही अडलं नाही.” त्यानं कप खाली ठेवला. “एवढंच राहिलंय का आता?”

“इकडचा प्रतिनिधी राहिलाय. पैसे घेऊन ते काम करणाऱ्या कंपन्या असतात, त्यातली एखादी बघेन. कामाच्या वेळात घरी असणारं माणूस हवं त्यांना. नोटीस आली तर घ्यायला.”

“घरी असणारं,” नॉर्बर्ट म्हणाला. “सोमवारी मी केस कापायला जातो.”

अर्लीनला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय ते.

“म्हणजे कापण्यासारखे फार नाहीत,” तो पुढे म्हणाला. “सोमवारी संध्याकाळीही जमेल. बाकी दिवस मी इथंच असतो. नाव नाही देता येत मला, पण पत्ता देईन.”

“मिस्टर डेल्व्हो, ही जबाबदारी असते. एखादा कागद हातून गेला तर मी कोर्टात न जाताच हरेन.”

“मी चाळीस वर्षं टपाल वाटलंय, बाई. माझ्या हातून कागद जात नाही.”

घरी गेल्यावर डेल म्हणाला, “नाव आणायला गेलीस नि म्हातारा घेऊन आलीस.” पण नव्या अर्जावर ‘निस्काला रॅम्प्स’ हे नाव त्यानंच ठळक अक्षरांत लिहिलं आणि लिहून झाल्यावर बराच वेळ बघत राहिला. यावेळी अर्ज मंजूर झाला. संस्थेच्या बाईंनी करार केला आणि उन्हाळाभर भाऊबहीण पलीकडे राबली.

नॉर्बर्टला मात्र काहीच काम पडेना. अर्लीन दर आठवड्याला त्याच्याकडे डोकवायची. तो रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या खोलीत बसलेला असायचा.

“काही आलं?”

“काही नाही. तुम्ही फार सरळ धंदा करता.”

ऑक्टोबरात एक कागद आला. मिसेस पाव्हलिक नावाच्या बाईंच्या घराचा उतार फुटपाथवर हातभर पुढे आला होता, अशी तक्रार गेली होती. पुढच्या आठवड्यात सुनावणी, तोवर दुरुस्त करा, नाहीतर तोडा, असं नगरपालिकेनं कळवलं होतं. नॉर्बर्टनं सही करून तो घेतला. त्याला फोन करता आला असता. त्यानं कोट चढवला, टोपी घातली, गाडी काढली आणि पूल ओलांडून मिशिगनमध्ये अर्लीनच्या दारात येऊन उभा राहिला.

“तुमच्यासाठी,” तो म्हणाला आणि दोन्ही हातांनी पाकीट पुढं केलं.

चूक अर्लीनचीच होती. फुटपाथची हद्द तिनं जुन्या कुंपणावरून धरली होती आणि कुंपणच पुढे सरकलेलं होतं. तिचा चेहरा उतरला. पहिल्याच वर्षी, परक्या राज्यात, नियम मोडणारी ठरलो आपण, असं ती म्हणाली.

“चुकलीस, मग बदलू,” डेल म्हणाला. “आठवडा आहे ना हातात? यांच्याऐवजी एखादी झोपाळू कंपनी असती तर हा कागद आपल्याला नाताळात मिळाला असता.”

त्यांनी शेवटचा तुकडा काढला आणि उतार अंगणाच्या बाजूला वळवला. सुनावणीला तिघं गेली. टेबलामागच्या अधिकाऱ्यानं नॉर्बर्टकडे बघून विचारलं, “आपण कोण?”

“मी कंपनीचा विस्कॉन्सिनमधला प्रतिनिधी,” नॉर्बर्ट म्हणाला. त्यानं हे इतक्या गंभीरपणे सांगितलं की डेलनंही थट्टा केली नाही. अधिकाऱ्यानं नव्या उताराचे फोटो पाहिले, मापं तपासली आणि प्रकरण मिटवलं.

बाहेर आल्यावर नॉर्बर्टला तो उतार बघायचा होता, म्हणून ती तिघं तशीच मिसेस पाव्हलिककडे गेली. बाई अंगणातच होत्या. आधीचा उतार त्यांना फक्त रस्त्यापर्यंत न्यायचा. आता वळणानंतर त्या थेट सफरचंदाच्या झाडापाशी पोहोचत होत्या, आणि मांडीवर टोपली ठेवून खालच्या फांदीची उरलीसुरली फळं तोडत होत्या.

“बरं झालं कुणीतरी तक्रार केली,” त्या म्हणाल्या. “तीन वर्षं ही फळं मी खिडकीतूनच बघत होते.” मग त्यांची नजर नॉर्बर्टकडे गेली. “तुम्ही रोझमेरीचे ना? तिच्याकडे मी विणायला यायचे. दुकान चालू आहे का अजून?”

“चालू आहे,” नॉर्बर्ट म्हणाला. “फक्त दाराला दोन पायऱ्या आहेत.”

अर्लीननं कमरेची मापपट्टी काढली. “दोनच ना,” ती म्हणाली. “डेल, व्हॅन काढ.”