देव्हाऱ्यात नसलेला टाक

माझी थोरली बहीण जन्मापासून बोलत-ऐकत नव्हती. तिची खुणांची भाषा आमच्या घरातच घडलेली. झाडं, ढोरं, पाखरं पुष्कळ असली की ती एकदा खूण करून हात लांबवर फिरवी. माणसांचं तसं नाही. जितकी माणसं, तितक्या वेळा खूण, आणि प्रत्येकाला हवेत त्याची जागा. आम्ही एकट्या वडिलांनाही आदरानं 'आले', 'बसले' म्हणतो. तिच्या हातात एक माणूस एकच राही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिला औंढ्याकडच्या एका गावचं बिजवराचं स्थळ आलं. "मंडळी वारली, तीन वर्सं झाली," नवरदेव म्हणाला. घर बघायला मुलीला नेत नाहीत. मी हट्टानं नेलं, कारण मागाहून तिला सगळं सांगणं मला जमलं नसतं.

परत आल्यावर ओसरीत बसून ती ते घर हातांनी मांडू लागली. चुलीपाशी सासू. ओट्यावर नवरदेव, शेजारी त्याचा चुलता. मग मागच्या दाराशी तिनं बाईची खूण केली. कपाळाला बोट, मनगटावर बांगड्या. मला वाटलं, सासूच पुन्हा. मी तिचा हात धरून चुलीकडे नेला. तिनं तो झटकला आणि परत दाराशी ठेवला.

"शेजारीण असंल," आई म्हणाली.

बहिणीनं तळहातावर अंगठा ओळीनं टेकवला. म्हणजे देव्हाऱ्यातले चांदीचे टाक. मग पुन्हा कपाळाला बोट लावलं, मेल्यासारखे डोळे मिटले आणि तळहात पुसून टाकला. आई उठून उभी राहिली. आमच्याकडे पहिली बायको वारली की तिचा टाक देव्हाऱ्यात बसवतात. दुसरी येते ती आधी त्याच्या पाया पडते.

चुलता बोलणी पक्की करायला आला तेव्हा वडिलांनी तेच विचारलं.

"टाक व्हय? सोनाराकडं हाय. घडून राहिला."

"तीन वर्सं? टाक घडून राहिला का देऊळ?"

चुलता माझ्याकडे वळला. "गुरुजी, हे तुमचंच काम. मुकीच्या हातावर इस्वास, अन् आमच्या तोंडावर न्हाई?"

"मागच्या दाराशी कोण होतं?" मी विचारलं.

"लई बायका येतेत-जातेत. कोण मोजतं?"

स्थळ मोडलं. त्या गावी जाऊन खात्री करायचं मी कितीदा ठरवलं, गेलो नाही. दुसरं स्थळ आलं नाही. बहीण आमच्याकडेच राहिली, माझी मुलं तिनं वाढवली, आणि दहा वर्षांनी ती गेली.

आता चुलत्यापेक्षा मला माझाच संशय येतो. त्या दिवशी ओसरीत, आई आत गेल्यावर, तिनं आणखी एक खूण केली होती. त्या बाईला दाराशीच ठेवून स्वतःला तिच्या शेजारी उभं केलं होतं, आणि माझ्याकडे पाहिलं होतं. ही खूण मी वडिलांना सांगितली नाही. आई थकली होती, माझी बायको दोन जिवांची होती, घरात हात हवे होते. तशीही, सवतीबरोबर, तिथं नांदायला ती तयार होती का, हे मी तिला विचारू शकलो असतो. तिची भाषा मलाच तेवढी पुरती येत होती.