दोन फोर-व्हील आणि एक नवरी

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात माझ्यावर एकच जबाबदारी होती. नवरीला बारामतीच्या पार्लरमधून इंदापूरच्या मंगल कार्यालयात आणायचं. बाकीची कामं वडिलांनी ज्याला जे जमतं ते बघून वाटली होती. माझ्यापाशी आल्यावर ते बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तुला गाडी चालवता येती नव्हं?"

गाडी मला येत होती. वर्षापूर्वीच मी नवीकोरी फोर-व्हील, म्हणजे चारी चाकांना जोर देणारी गाडी घेतली होती. डोंगर चढायचं बटण वेगळं, उतरायचं वेगळं, चिखलाचं वेगळं. माझी नोकरी लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत, रस्ता सगळा डांबरी. "या रस्त्याला चिखलाचं बटण कशाला लागतं?" असं माझ्या बायकोनं, वैशालीनं, विचारलं होतं. मी म्हणालो होतो, "वेळ काय सांगून येती का?" (ती खरंच सांगून आली नाही.)

या गाडीचे एकमेव शत्रू म्हणजे आमचे तात्या. तात्या माझे थोरले चुलते. कालव्यावर नोकरी करून निवृत्त झाले आणि लिलावातून एक जीप घेऊन आले. तिला कापडी हूड आहे, दारं नाहीत. सांगवीच्या घरापुढं ती कायम उतारावर उभी असते, कारण ढकलल्याशिवाय सुरू होत नाही. तरीही रोज संध्याकाळी ओट्यावर बसून तात्या माझ्या गाडीचा उद्धार करायचे.

"तुझी गाडी दार उघडं ऱ्हायलं की केकाटती."

"तात्या, ती सुरक्षेची सोय आहे."

"माझ्या गाडीला दारच न्हाय. केकाटायचा सवालच न्हाय."

"हिच्यात स्क्रीन आहे. समोरचं, मागचं सगळं दिसतं."

"आमच्या गाडीत बी दिसतंय की. त्याला काच म्हंत्यात."

लग्न ठरलं रविवारी, आणि नेमका त्याच रविवारी इंदापूरच्या अलीकडं माळावर फोर-व्हील गाड्यांचा मेळावा ठरला. जुन्या गाड्यांचं प्रदर्शन, नव्या गाड्यांचं प्रदर्शन आणि मधोमध चिखलाचा ट्रॅक. आमच्या मोबाइलवरच्या गाडीवेड्या मंडळींच्या ग्रुपवर महिनाभर दुसरा विषय नव्हता. वैशालीनं मला समोर उभं करून कबूल करून घेतलं की मी मेळाव्याला जाणार नाही. मी मनापासून कबूल केलं. (तात्यांकडून कबूल करून घ्यायचं कुणाला सुचलंच नाही.)

आमच्यात मुहूर्त बघत नाहीत. बौद्ध पद्धतीचं लग्न, पंचांगाशी संबंध नाही. पण पत्रिकेवर दुपारी साडेबारा छापलं होतं, आणि आमची आत्या कुठल्याही मुहूर्तापेक्षा कडक आहे. म्हणून सकाळी लवकरच मी गाडीला झेंडूच्या माळा आणि गुलाब लावून पार्लरपुढं हजर झालो. तात्याही माझ्याबरोबर होते. जीप कुठं आहे हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

सुजाता बाहेर आली. पांढरीशुभ्र साडी, बारीक सोनेरी काठ. सोमेश्वरनगरच्या शाळेत विज्ञान शिकवणारी, चार वर्ग एका नजरेत गप्प करणारी माझी बहीण त्या दिवशी अगदी निराळीच दिसत होती.

"दादा, साडीला काही लागलं ना तर बघ," ती म्हणाली. आवाज मात्र तोच होता.

ती मागच्या सीटवर साडी पसरून बसली आणि आम्ही निघालो. निमगाव केतकी मागं पडल्यावर तात्या खोकले.

"वाइच डावीकडं घे."

"डावीकडं काय आहे?"

"जीप हाय माझी."

मग खुलासा झाला. तात्यांनी आदल्या दिवशीच जीप मेळाव्यातल्या जुन्या गाड्यांच्या रांगेत नेऊन उभी केली होती. आता ती घेऊन त्यांना मांडवात यायचं होतं. "मला निस्तं सोडायचं. पाच मिन्टाचं काम," ते म्हणाले.

मी आरशातून सुजाताकडं बघितलं. ती म्हणाली, "सोड त्यांना. पण मी उतरणार नाही, आणि तूही उतरायचं नाहीस."

ती गाडीत असेपर्यंत मी उतरलो नाही. त्या दिवशी मी पाळलेला हा एकमेव शब्द.

माळावर जत्रा भरली होती. एका अंगाला जुन्या जीपा, तेल लावून चमकवलेल्या. दुसऱ्या अंगाला नव्या गाड्या, उंच टायरांच्या. मधे त्यांचे मालक एकमेकांच्या गाड्यांखाली वाकून नाकं मुरडत होते. एक जण सांगत होता, "जुन्या गाडीचा पत्रा बघा, ठोकला तर घणाला पोचा पडंल." दुसरा म्हणत होता, "व्हय, पण चालवणाऱ्याच्या मणक्याचं काय?" पोरंसोरं मोबाइल उंच धरून सगळं थेट दाखवत होती. मला गाडीची काच खाली करून दोन शब्द बोलायचा फार मोह झाला, पण मागून सुजाता म्हणाली, "काच वर."

तात्यांना उतरवण्यासाठी मी गाड्यांच्या रांगेच्या कडेनं पुढं गेलो. ती कड नव्हती. ती स्पर्धेची रांग होती. हे कळेपर्यंत माझ्यामागं चार गाड्या लागल्या होत्या, दोन्ही बाजूंना दोर बांधलेले होते आणि माइकवरचा माणूस ओरडत होता, "आणि आता येतीय फुलांनी सजवलेली गाडी! याला म्हंत्यात हौस!"

"आम्ही स्पर्धेत नाही," मी काचेतून हातवारे केले. लोकांना वाटलं मी अभिवादन करतोय. टाळ्या पडल्या.

पुढं बघितलं तर ट्रॅक दिसत होता. एक खळगा, त्यात टँकरनं पाणी सोडून केलेला चिखल, पलीकडं छोटा चढ आणि चढापलीकडं सरळ डांबरी रस्ता. मागं जायला वाट नव्हती. पुढं गेलं की सुटका. शिवाय चिखलाचं बटण होतं.

"तुला जमायचं न्हाय," तात्या म्हणाले.

एवढं वाक्य ते बोलले नसते तर मी बहुतेक खाली उतरून मागच्या गाड्या हलवायची विनंती केली असती. मी बटण दाबलं.

स्क्रीनवर डोंगराचं सुंदर चित्र आलं. गाडी खळग्यात शिरली, मध्यापर्यंत झोकात गेली आणि तिथं थांबली. चाकं फिरत होती, गाडी खाली चालली होती. मी आणखी रेस केली. गाडी आणखी खाली गेली. मग टुंग असा आवाज झाला आणि स्क्रीनवर सूचना आली की चालक थकलेला दिसतो, थोडी विश्रांती घ्यावी.

चिखल दाराच्या निम्म्यापर्यंत आला होता. मागच्या सीटवर सुजाता दोन्ही हातांनी साडी आवरून पाय वर घेऊन बसली होती. 

तात्यांचा चेहरा मात्र उजळला होता. "थांब. आता बघ जुनं सोनं." असं म्हणून ते खिडकीतून बाहेर पडले, गुडघाभर चिखलातून चालत गेले आणि चार जणांकडून ढकलून घेऊन जीप सुरू करून परत आले. पुढून त्यांनी टोचन, म्हणजे ओढायचा दोर, लावलं. जुन्या गाड्यांच्या बाजूनं एकच आरडाओरडा झाला. जीपनं हिसका दिला. माझी गाडी वीतभर हलली. जीपनं दुसरा हिसका दिला आणि ती स्वतः आडवी सरकून माझ्यापुढं रुतली. मग बंद पडली. चिखलात उतार नव्हता.

आता जुनी आणि नवी एकाच खळग्यात होत्या. काठावर दोन तट पडले. जुन्यावाले म्हणत होते, नव्या गाडीचं वजनच बेसुमार. नव्यावाले म्हणत होते, जुन्या गाडीचा क्लच गेलेला. मुद्दे दोन्हीकडचे बिनतोड होते. फक्त आत एक नवरी बसली आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं.

इतक्यात वैशालीचा फोन आला. आधुनिक गाडीत फोन आपोआप गाडीच्या स्पीकरवर लागतो. ती सोय त्या वेळी बंद कशी करायची ते मला आठवेना.

"अहो, कुठं आहात?"

"वाटेतच आहे."

"ऐका. सुजाताला कळू देऊ नका. इथं घोळ झालाय. प्रशांत कुठं दिसत नाही. तयार होऊन खोलीत बसला होता आणि एकदम उठून मागच्या दारानं निघून गेला म्हणे. कुणाला काही बोलला नाही. फोन पण खोलीतच टाकून गेलाय. त्याच्या आई रडायला लागल्यात."

प्रशांत म्हणजे नवरदेव.

फोन ठेवला. मी मागं वळून बघायचं धाडस केलं. सुजातानं साडी सोडून दिली होती. पदर सीटवरून खाली घसरला होता आणि तिचं लक्ष नव्हतं.

"दादा," ती हळूच म्हणाली, "त्याला नकोच असंल का रं?"

ती शिकली तशी घरात शाळेतलीच भाषा बोलते. 'असंल का रं' मी तिच्या तोंडून कित्येक वर्षांनी ऐकलं.  गाडीचं काय व्हायचं ते होवो, आपण हिला सकाळी सरळ रस्त्यानं नेलं असतं तर निदान ही बातमी तिला आईजवळ कळली असती, एवढंच डोक्यात येत होतं. मी म्हणालो, "न्हाय गं. असं नसंल."  तात्या जीपमधून आमच्याकडं बघत होते. त्यांना ऐकू गेलं नव्हतं, पण चेहरे दिसत होते.

तेवढ्यात काठावर गलका उठला. लोक बाजूला सरकले आणि माळावरून धूळ उडवत एक ट्रॅक्टर आला. वर पांढराशुभ्र झब्बा, पांढरी विजार आणि छातीला गुलाब लावलेला माणूस बसला होता.

"प्रशांत," सुजाता म्हणाली. आणि मग शाळेतल्या आवाजात, "हा इथं काय करतोय?"

झालं होतं असं. प्रशांत डाळिंबाची शेती करतो आणि आमच्याच जातीचा, म्हणजे गाडीवेडा आहे. (हे त्यानं लग्न ठरेपर्यंत लपवून ठेवलं होतं, आणि ते शहाणपणाचंच होतं.) नटूनथटून खोलीत बसल्या बसल्या तो मोबाइलवर हाच मेळावा थेट बघत होता. बघता बघता फुलांची गाडी चिखलात गेली आणि मागच्या काचेतून त्याला त्याची नवरी दिसली. कुणाला सांगावं तर म्हातारी माणसं घाबरतील, म्हणून तो तसाच उठला. मांडवामागं त्यांचाच ट्रॅक्टर पाण्याचा टँकर घेऊन उभा होता. टँकर सोडला आणि निघाला. मोबाइल घ्यायचं त्या गडबडीत राहिलं.

तो थेट चिखलात उतरला. पांढरी विजार गुडघ्याच्या वरपर्यंत काळी झाली. मागच्या काचेपाशी येऊन त्यानं विचारलं, "लागलं नाही ना कुठं?"

सुजातानं काच खाली केली. "मला वाटलं तू पळून गेलास."

"पळूनच आलो की."

ती हसली. मग थोडी रडली. मग म्हणाली, "दार उघडलं तर चिखल आत येईल. साडी जाईल."

आणि इथं माझी गाडी उपयोगी पडली. मी सनरूफ उघडलं. प्रशांतनं ट्रॅक्टर उलटा घेत अगदी गाडीला भिडवला. नवरी सीटवर उभी राहिली, छतातून वर आली, साडी कमरेला खोचली आणि साऱ्या माळासमोर गाडीच्या टपावरून ट्रॅक्टरवर गेली. साडीला शिंतोडासुद्धा लागला नाही. त्या टाळ्यांमध्ये जुने आणि नवे दोन्ही तट होते.

मी चिखलात उतरून, लोळून दोर बांधले आणि प्रशांतनं मग पुढं जीप आणि जीपमागं माझी गाडी असं टोचन करून दोन्ही ओढून काढल्या. चालू एकही होईना, म्हणून गाड्यांची तशीच माळ कार्यालयापर्यंत आली. पुढं ट्रॅक्टरवर नवरा-नवरी, मधे जीपमध्ये तात्या, मागं फुलांच्या गाडीत स्टेअरिंग धरून मी. प्रशांतच्या आईनं दारातच त्याला मिठी मारली आणि मग पाठीत धपाटा घातला. वैशालीनं माझ्याकडं बघितलं, पण रागावण्याइतकं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. ती भिंतीला टेकून नुसती "पोचली बाई" म्हणत राहिली. आत्या पुढं झाली, प्रशांतच्या विजारीकडं बघितलं आणि म्हणाली, "आसू दे. खालचं कोण बघतंय? चला वर."

बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील सुरू केलं तेव्हा पत्रिकेवरची वेळ टळून गेली होती, पण सगळे इतके सुटल्यासारखे झाले होते की त्याची कुणी आठवण काढली नाही. नवरा-नवरीवर फुलं पडली. माझे वडील डोळे पुसत होते. तात्या माझ्याशेजारी उभे होते, पायांवरचा चिखल वाळून पांढरा झालेला. ते हळूच म्हणाले, "ते वरचं झाकण मातुर बरं हाय हां तुझ्या गाडीचं." मी म्हणालो, "तुमचा दोर भारी निघाला, तात्या. तुटला नाही." आमच्यात इतका गोड संवाद त्याआधी झाला नव्हता आणि नंतरही नाही.

लग्नाचा अल्बम आला तेव्हा मी त्यात स्वतःला शोधत होतो. एकाच फोटोत सापडलो. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, एक हात ट्रॅक्टरच्या चाकावर. बघणारे पाहुणे हमखास विचारतात, "ह्यो तुमचा ट्रॅक्टरचा ड्रायव्हर का?" मी व्हय म्हणतो. गाडी चालवता येणारा माणूस अशी माझी ओळख आता तेवढ्या एकाच फोटोत उरली आहे.