माप कळायला वसुधा

अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या बाळ दाबक्यांनी स्लाइड शोला बोलावलं की मराठी मंडळी आधी विचारून घेत, "जेवण आधी की नंतर?" नंतर असलं, तर घरून चार घास खाऊनच निघत. इंजिनिअर माणूस! एकेका स्लाइडमागे ॲपर्चर, शटर स्पीड आणि वर इतिहास. आणि प्रत्येक स्लाइडमध्ये पुढ्यात उभ्या वसुधाबाई, त्यांच्या सौभाग्यवती. माणूस उभं केल्याशिवाय इमारतीचं माप कळत नाही, असं बाळरावांचं ठाम मत.

लग्नापासून ही बाई माप म्हणून उभी होती. नायगाराला पाठ, ग्रँड कॅन्यनला पाठ. "आता वळून बघू का?" म्हणेपर्यंत बाळराव गाडीत बसलेले. बाईंनी तक्रार कधी केली नाही. त्या दिवशीची आमटी जरा तिखट व्हायची, एवढंच.

पंच्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात दोघं इटलीच्या टूरवर गेली. डोंगरमाथ्यावरचं जुनंपुराणं गाव. बस खालीच थांबली. वर दगडी वेस, बोळातले चढ, चौकात विहीर आणि तिच्यामागे मध्ययुगातला उंचच्या उंच मनोरा. तो बघताच बाईंच्या मनानं घेतलं, काय वाट्टेल ते होवो, याच्यावर चढायचंच. तसं त्या म्हणाल्याही.

"चढू की," बाळराव म्हणाले. "आधी फोटो. अशी उभी राहा. हां, पदर सावर." आणि नेमका रोल संपला! नवे रोल खाली बसमध्ये. "हा गेलो नि हा आलो. जागची हलू नकोस हं, फ्रेम मस्त जमलीये!"

ते वेशीबाहेर पडले आणि बाईंनी निऱ्या खोचल्या. गळ्यात जुना कॅमेरा होता, आत अर्धवट रोल; सांभाळायला दिलेला, वापरायला नव्हे. जिना अंधारा, गुडघे कुरकुरणारे. पण वर पोचल्या आणि, अगं बाई! लाल कौलं एकमेकांना रेलून बसलेली, भोवती तटबंदी, खाली ऑलिव्हच्या बागा नजर पोचेल तिथपर्यंत. आणि कुणी "हस" म्हणत नव्हतं. बाईंना इतका आनंद झाला की डोळेच भरून आले. खाली चौकात, त्यांच्या रिकाम्या जागेसमोर, कमरेवर हात ठेवून एक माणूस उभा होता. बाईंनी कॅमेरा उचलला.

"होतीस कुठे?" बाळरावांनी खाली विचारलं.

"देवळात." चर्च म्हणजे देऊळच की!

फोटो निघाला तोवर गाइड हाका मारायला लागली.

"मनोरा राहिलाच गं."

"राहू दे हो."

थंडी पडायच्या सुमारास दाबक्यांकडे शो झाला. बाळरावांनी लावलेल्या स्लाइड्समध्ये बाईंनी आपली एक गुपचूप सारली होती. भिंतीवर लाल कौलं उमटली, मधे चौक.

"हे मी नाही काढलेलं!" बाळराव ओरडले.

शेजारची पद्मिनी म्हणाली, "काकू, यात तुम्ही कुठायत?"

"कॅमेऱ्यामागे."

"मग हा एवढासा कोण?"

"ते तुमचे काका. मनोऱ्याचं माप कळायला."

घर हसून हसून लोळलं. बाळराव तेवढे हसले नाहीत. भिंतीवरच्या त्या एवढ्याशा माणसाकडे बघतच राहिले. मग रिमोट खाली ठेवून खुर्चीत बसले.

"वसुधा, वरून कसं दिसत होतं गं?"

हे त्यांनी आजवर कधी विचारलंच नव्हतं. बाई उठल्या, भिंतीपाशी गेल्या.

"सांगते," त्या म्हणाल्या. "पण जागचे हलू नका हं."