फुलवंताबाईचा नियम

रनाळ्याच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या फुलवंताबाईला गाव ओळखतं ते तिच्या तोंडासाठी. लग्नात व्याह्यांची टर उडवणारी गाणी म्हणायला तिला चार गावांहून बोलावणं येतं. तिचा नियम एकच: ज्याची टर उडवायची तो समोर हवा, आणि मग त्याला उलट गाऊ द्यायचं.

विद्यार्थ्यांच्या मोबाइलवरच्या छळाचा अभ्यास करायला शीला मॅडम नंदुरबारहून आल्या. आठवीच्या मुलांनी ग्रुपवरचे स्टिकर त्यांना पाठवले. त्यात एक फुलवंताबाईचा होता, गाताना आ वासलेल्या तोंडाचा.

"हे पाहून तुम्हाला काय वाटतं?" मॅडमनी तो तिला दाखवून हळुवारपणे विचारलं.

"माय! मन्हा दात कितला चांगला दिखी ऱ्हायनात! माले धाडा ना."

मॅडमचा हिरमोड झाला. पुढचा स्टिकर मात्र आठवीतल्याच ममताचा निघाला. गालात घास, डोक्यावर म्हशीची शिंगं. ममता सोमवारपासून शाळेत आली नव्हती. आता येणारच नाही म्हणत होती. फुलवंताबाईने सगळे स्टिकर पुन्हा पाहिले. वर्गातला एकेक जण त्यात होता. नव्हता तो फक्त चैत्या; म्हणजे बनवणारा तोच.

दुपारी चैत्या ताट घेऊन पुढे आला. फुलवंताबाईने खिचडीचा डाव उंचावला आणि गळा सोडला:

"सर्वास्ना थोबाड दखाडस चैत्या,
सोतानं थोबाड दपाडस चैत्या!"

सगळ्यांचं दाखवून स्वतःचं थोबाड लपवणाऱ्यावर अख्खी रांग हसून वाकली. चैत्याचे कान लाल झाले. मॅडम धावल्या. "बाई, हाही छळच की!"

"मी तोंडवर म्हनं, मॅडम. आते त्यानी बारी. म्हण रे भाऊ, मन्हावर."

समोर उभं राहून चैत्याला एक ओळ सुचेना. "ममताना फोटो काढी टाकसू," तो पुटपुटला.

"काढी टाक. पन ममतानी बारी बाकी शे."

स्टिकर गेला. चैत्याकडे तुझी उलट गायची बारी बाकी आहे, हा निरोप फुलवंताबाईने स्वतः ममताच्या घरी नेला. दुसऱ्या दिवशी ममता आली. रांगेत चैत्यासमोर उभी राहून तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"आज सुचत नही. सकाय सांगसू."

हे 'उद्या सांगते' ती आता रोज ऐकवते. त्यासाठी एकही दिवस शाळा बुडवत नाही. चैत्याही बुडवत नाही. आपण नसताना तिला सुचलं तर काय, या धास्तीने तो रोज हजर असतो, आणि ताटातली खिचडी निवेपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत राहतो.