बाईंची खापरपणजी

पेंडल हिलला मी ज्यांच्या घरातली मागची खोली भाड्यानं घेतली होती, त्या बाई उभा जन्म प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेला, मुलगी कालगुर्लीच्या हॉस्पिटलात डॉक्टर. त्या काळात सिडनीच्या पश्चिमेला आम्हा विद्यार्थ्यांचा नुसता पूर आला होता. एकेका फ्लॅटमध्ये गाद्यांवर गाद्या टाकून मुलं राहायची. कुणी अकाउंटिंगला आलेलं, कुणी कुकरीला, कुणी काय शिकायला आलंय ते त्यालाच नीट माहीत नसायचं. त्या मानानं माझी चैन होती. मी वसईची, अकाउंटिंगच्या मास्टर्सला आलेली. मला खोली का दिली, हे बाईंनी पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं होतं. मी स्वच्छ दिसत होते म्हणून.

त्यांचा आग्रह होता की मी त्यांना नावानं हाक मारावी. आईहून मोठ्या बाईला नावानं हाक मारायला माझी जीभ वळेना, म्हणून मी हाकच मारायचे नाही. समोर जाऊन उभी राहायचे आणि खाकरायचे. मग त्या चष्म्यावरून बघायच्या आणि मी बोलायला लागले की माझं इंग्रजी दुरुस्त करायच्या. व्ही म्हणताना खालचा ओठ दाताखाली घे, डब्ल्यूला ओठांचा चंबू कर. मी ‘व्हॉट’ म्हटलं की त्या हातातला कप खाली ठेवायच्या. राग यायचा, पण दोन महिन्यांत युनिव्हर्सिटीतले लोक माझं बोलणं पहिल्या फटक्यात समजू लागले, तेव्हा राग गिळला.

एका रविवारी मी चर्चमधली मिस्सा आटपून घरी आले तर बाई कॉम्प्युटरसमोर डोकं धरून बसलेल्या. मुलीनं नाताळला घेऊन दिलेला तो कॉम्प्युटर तोवर विणलेल्या टेबलक्लॉथखाली झाकलेला असायचा. आपल्या घराण्याचं मूळ शोधायचंय, म्हणाल्या. कारण होता त्यांचा धाकटा भाऊ.

हे भाऊ ब्लॅकटाउनला राहायचे. जन्मभर प्लंबिंग केलेले, दणकट, लालबुंद, बोलायला लागले की शेजारच्या अंगणातलं कुत्रं भुंकायचं. त्यांचं म्हणणं असं, की आपले खापरपणजोबा म्हणजे स्कॉटलंडमधल्या एका सरदाराचे धाकटे चिरंजीव. स्वतःच्या जहाजाचे कप्तान. चांदीची भांडी आणि बॅगपाइप वाजवणारा खासगी नोकर घेऊन ते ऑस्ट्रेलियात उतरले. ही गोष्ट भाऊ प्रत्येक लग्नात सांगायचे आणि दर खेपेला चांदी वाढायची. येत्या ईस्टरला त्यांनी सगळ्या गोतावळ्याची पिकनिक ठरवली होती. त्यासाठी स्कॉटिश पुरुषांचा तो चौकटीचा घागरा, किल्ट, मुद्दाम शिवून घेतला होता. बाईंना या गोष्टीतलं अक्षरही खरं वाटत नव्हतं. पण भावाला खोटं ठरवायचं तर खरं काय ते हातात हवं.

मी त्यांना माऊस धरायला शिकवला, आणि त्या दिवसापासून आम्ही दोघी पार बिघडलो.

याला दुसरा शब्द नाही. मी ट्युटोरियल बुडवू लागले, बाईंचा पत्त्यांचा ब्रिज सुटला. शनिवारी आम्ही ट्रेननं शहरातल्या मोठ्या लायब्ररीत जायचो. तिथं जुन्या कागदांचे फोटो काढलेली फिल्मची रिळं असत. ती यंत्रात घालून हँडल फिरवायचं, की पडद्यावरून जहाजं, प्रवासी, लग्नं, बारशी भरभर सरकू लागायची. बाईंना वेगात फिरवायला आवडे. डोकं गरगरायला लागलं की आम्ही बाहेर पायरीवर बसून सँडविच खायचो आणि उगाचच हसत सुटायचो.

बाईंचं माहेरचं आडनाव मॅकनं सुरू होणारं. रिळांतली निम्मी माणसं त्या एकाच आडनावाची, आणि त्यातल्या सगळ्या पुरुषांची नावं तीच तीन. बाई एकाच स्पेलिंगवर अडून बसल्या होत्या. त्यांच्या मते चुकीचं स्पेलिंग असलेला माणूस त्यांच्या घरातला असूच शकत नव्हता. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे वसईत एकाच बापाच्या तीन मुलांचं आडनाव तीन पाद्र्यांनी तीन तऱ्हेनं लिहून ठेवलंय आणि तिघंही एकाच ताटात जेवतात. त्या जरा नाराज झाल्या, पण मग आम्ही जाळं मोठं टाकलं आणि त्यात थेट कप्तान सापडला.

खरोखरचा कप्तान. नाव तेच, गाव स्कॉटलंडमधलं, जहाज सिडनीला लागलेलं. बाईंचा चेहरा पडला, कारण भाऊ खरे ठरत होते. पण दुसऱ्याच मिनिटाला त्यांना कप्तान आवडायला लागला. घरी येऊन त्यांनी शेरीची बाटली उघडली, मला काठोकाठ भरलेला ग्लास दिला, आणि आम्ही कप्तानाच्या नावानं प्यायलो. भावाला फोन गेला. भाऊंनी सगळं दोनदा सांगायला लावलं. मग त्यांनी पिकनिकसाठी जहाजाच्या आकाराचा केक सांगून टाकला. शिडासकट.

आठवड्याभरात मीच एका जुन्या वर्तमानपत्रात कप्तानाच्या मृत्यूची बातमी वाचली. अविवाहित. शिवाय बाईंचे पणजोबा जन्मायच्या कितीतरी आधीच हा सद्गृहस्थ समुद्रात बुडाला होता. मी बाईंसमोर जाऊन उभी राहिले आणि खाकरले. त्यांनी वाचलं. आधी त्यांचे खांदे हलायला लागले, मग त्या इतक्या हसल्या की उचकी लागली. मी पाणी आणायला धावले तर मलाही हसू आवरेना, आणि अर्धा ग्लास स्वयंपाकघराच्या फरशीवर सांडला.

“केक सांगितलाय त्यानं,” उचक्यांच्या मधे त्या म्हणाल्या. “शिडं लावलेला.”

भावाला इतक्यात सांगायचं नाही असं ठरलं. मग बाईंना आठवण झाली ती एका टेकडीची. लहानपणी वडील त्यांना उत्तरेला मॅनिंग नदीच्या बाजूला एका टेकडीवर घेऊन गेले होते. तिथं एका थडग्यावर बसून भावंडांनी उकडलेली अंडी खाल्ली होती आणि वडिलांनी टोपी काढली होती. थडगं कुणाचं ते कुणी विचारलं नाही. एका चुलतबहिणीला फोन लावून बाईंनी गावाचं नाव मिळवलं, आणि पुढच्या शुक्रवारी आम्ही त्यांच्या जुन्या गाडीतून निघालो. मी चपातीत बटाट्याची भाजी गुंडाळून घेतली होती. बाईंनी अर्थातच अंडी उकडली होती.

टेकडीवर पोचलो तेव्हा थडग्यांच्या मधे कांगारू पसरले होते. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा माना टाकल्या. निम्मे दगड कलंडलेले, अक्षरं शेवाळानं भरलेली. बाई काठी टेकत चढल्या, इकडे तिकडे हिंडल्या आणि एका बुटक्या दगडाशी थांबल्या. हाच, म्हणाल्या, यावरच बसले होते मी. आम्ही बाटलीतलं पाणी ओतून मऊ ब्रशनं दगड धुतला. तरी काही वाचता येईना. मग मी पर्समधला आरसा काढला आणि ऊन तिरकं दगडावर पाडलं. अक्षरं एकेक करून वर आली.

नाव एका बाईचं. पुढं आडनाव, तेच मॅकचं, पण आम्ही कधी कल्पनाही केली नव्हती अशा स्पेलिंगचं. खाली स्काय, हे स्कॉटलंडमधल्या एका बेटाचं नाव, आणि मृत्यूचं साल, त्यावरून ही बाईंची खापरपणजीच ठरत होती. त्याखाली चार ओळी होत्या आणि त्यांचा काही केल्या अर्थ लागत नव्हता. नको तिथं एच, एकेका शब्दात स्वरांची दाटी.

बाईंनी दगडाकडे एखाद्या नापास मुलाच्या वहीकडे बघावं तसं बघितलं. पाथरवट प्यायलेला होता, हा त्यांचा निष्कर्ष. मी सगळं अक्षर न अक्षर मोठ्यानं वाचलं, त्यांनी फोटो काढले, आणि आम्ही गावातल्या बेकरीत चहा प्यायला गेलो. तिथं बाईंनी पाथरवटाची तक्रार केली, तेव्हा काउंटरवरची बाई फोटो बघून म्हणाली, हे गेलिक असणार, स्कॉटलंडची जुनी भाषा. गावच्या वृद्धाश्रमात एक आजी होती, लग्न करून त्याच बेटांवरून आलेली. ती खिडकीतल्या पाखरांशी असलंच काहीतरी बोलायची.

ती आजी नव्वदीच्या घरातली. ओठांना लिपस्टिक, गळ्यात मोत्यांची माळ. तिनं आम्हाला थांबवून ठेवलं. आधी केस विंचरले, मग चहा मागवला, मग मी कोण, कुठली, लग्न झालंय का, सगळं विचारून घेतलं. फोटोवर भिंग धरल्यावर मात्र तिनं चौकशी सोडली. चारही ओळी तिनं मनात वाचल्या आणि मग मोठ्यानं वाचल्या. वाचल्या म्हणजे जवळजवळ गायल्याच. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण अंगावर काटा आला.

“काय म्हणतोय दगड?” बाईंनी विचारलं.

आजीनं सावकाश सांगितलं. “म्हणतोय, ही समुद्र ओलांडून आली, पण इंग्रजी तिला कधी आलं नाही. म्हणून मुलांनी तिच्या दगडावर तिचीच बोली लिहिली. तिला कळावं, आपण घरात आहोत.”

बाईंनी चष्मा काढला. मला वाटलं आता रडतील, आणि डोळे भरलेही होते, पण त्या हसत होत्या.

“एक शब्दसुद्धा नाही,” त्या म्हणाल्या. “आणि मी जन्मभर तेच शिकवत बसले.”

मग आजीनं बाकीचं सांगितलं. त्या बेटांवर बटाट्याचं पीक कुजलं, जमीनदारांना शेतांपेक्षा मेंढ्या बऱ्या वाटायला लागल्या, आणि माणसांची घरंच्या घरं जहाजांत बसवून इकडे धाडली गेली. चांदीबिंदी काही नव्हतं. आजीला ही माहिती असल्याचा भलताच अभिमान होता आणि तिनं आम्हाला संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. निघताना बाईंनी हट्ट धरला, एक तरी वाक्य शिकवा. आजीनं शिकवलं. ‘मी तुमच्यातलीच आहे.’

परतीच्या वाटेवर गाडीत आम्ही दोघी ते वाक्य ओरडत होतो. त्यात एक ख होता, घशाच्या तळातून खरवडून काढायचा. मला तो लगेच जमला. बाईंचा दर वेळी क व्हायचा. मी म्हटलं, जीभ मागे घ्या, घसा साफ करताय असं समजा. त्यांनी केलं, आणि त्यांना खोकला आला. पुन्हा करा, मी म्हटलं. असं मी किती वेळा म्हटलं असेन देव जाणे. पेट्रोल भरायला थांबलो तिथला मुलगा खिडकीतून आत डोकावून विचारू लागला, तुमच्या आजी ठीक आहेत ना.

ईस्टरची पिकनिक नदीकाठच्या एका पार्कात होती. साठसत्तर माणसं, झाडाखाली टेबलं, सॉसेजचा धूर. भाऊ किल्ट घालून उभे, गुडघे उन्हानं भाजलेले, आणि टेबलावर तीन शिडांचा केक. बाईंनी चमच्यानं ग्लास वाजवला. त्यांनी आधी ते गेलिक वाक्य म्हटलं. ख अगदी बरोबर आला, आणि मी एकटीच टाळ्या वाजवत सुटले. मग त्यांनी दगडाची गोष्ट सांगितली. कप्तान कुणाचाच कुणी नव्हता हेही सांगितलं, पण हळू आवाजात, भावाकडे न बघता.

भाऊ खाली मान घालून आपल्या किल्टकडे बघत राहिले.

“इंग्रजी येत नसताना तिनं मुलं वाढवली?” त्यांनी विचारलं. “इथं?”

“इथं,” बाई म्हणाल्या.

भाऊंनी नाक ओढलं, सुरी उचलली आणि जाहीर केलं की ती जहाजानंच आली होती, तेव्हा केक चुकलेला नाही. आणि पहिलं शीड कापून बहिणीच्या बशीत घातलं. मग कुणीतरी गाडीतले स्पीकर लावले आणि नाच सुरू झाला, हातात हात घालून गोल गोल फिरायचा. मला कुणी विचारलंच नाही, नुसतं ओढलं. भाऊंनी मला असं फिरवलं की नदी, झाडं, सॉसेजं सगळं एका पट्ट्यात दिसायला लागलं. हात सुटला तशी मी थेट केकच्या टेबलावर जाऊन आदळले. उरलेली दोन शिडं माझ्या कुर्त्यावर आली. इतकं हसले की बरगड्या दुखल्या.

माझं मास्टर्स पार पडलं, नोकरी लागली, मी पॅरामॅटाला फ्लॅट घेतला. दोन वर्षांनी बहीणभाऊ स्कॉटलंडला गेले. एका दुपारी मी ऑफिसमध्ये असताना फोन आला. बाईंचा आवाज वाऱ्यात उडत होता. त्या बेटावरच्या एका दुकानात उभ्या होत्या. काउंटरवरच्या माणसाशी त्यांनी धीर करून गेलिक काढलं, तर त्यानं धबधब्यासारखं गेलिकमध्येच उत्तर दिलं. तो पंजाबी होता. त्याचे वडील बेटांवर दारोदार कपडे विकत फिरायचे आणि हा तिथंच जन्मला, तिथंच शाळेत गेला.

“तू त्याच्याशी बोल,” म्हणून त्यांनी फोन त्याच्या हातात दिला. तो हिंदीत माझी चौकशी करू लागला. कुठली, काय करतेस. मग म्हणाला, “ये माँजी आपकी कौन लगती हैं?”

घरमालकीण म्हणणार होते.

“हमारे घर की हैं,” मी म्हटलं.

“अच्छा अच्छा,” तो म्हणाला, आणि त्यानं त्यांना एक छत्री विकली. दुकानाबाहेर पाऊल टाकताच ती उलटी झाली आणि भाऊ तिच्यामागे उतारावरून धावत गेले, असं बाईंनी नंतर सांगितलं. किल्ट घालून.