पुऱ्यांच्या तेलातला उपवास

"मला आज चतुर्थी आहे," मेहुण्याच्या दारात चपला काढता काढता मी जाहीर केलं. वहिनींनी, म्हणजे मेहुण्याच्या बायकोने, मान वळवून भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. चतुर्थी तीन दिवसांपूर्वीच होऊन गेलेली.

"म्हणजे रविवारचा धरलाय," मी घाईघाईने सावरलं. "सूर्याचा."

"तो अळणी असतो ना?"

"हो हो. अळणीच."

बायको माझ्याकडे बघत राहिली. तिच्या पिशवीत माझा डबा होता.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. त्याआधी कित्येक वर्षं माझं पोट म्हणजे घरातल्यांच्या गप्पांचा विषय. कुणी आव म्हणे, कुणी पित्त, एका मावशीने दृष्टही काढली होती. शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबायचा. शेवटी नौपाड्यातल्या आमच्या डॉक्टरांनी मुंबईच्या इस्पितळात पाठवलं. तिथे तोंडातून नळी घालून आतड्याचा तुकडा काढला, आणि निकाल आला: गहू बंद. पोळी, पाव, रवा, मैदा, शेवया, सगळं जन्मभर बंद. कणसुद्धा नको. नाहीतर आतडं पुन्हा सोलवटणार.

बायकोने ते मनावर घेतलं. गिरणी उघडायच्या आधी ती दारात हजर. आदल्या दिवसाचा गहू निघून जावा म्हणून आधी मूठभर तांदूळ दळून ते पीठ टाकून द्यायला लावायची, मग आमचं दळण. गिरणीवाला तिला बघितलं की कपाळाला हात लावायचा. मला मात्र लाज वाटायची. गव्हाने आजारी पडतो असं सांगितलं की लोक हसायचे. "अहो, पोळीने कधी कुणाला काही झालंय?" आणि सासरच्या माणसांसमोर, शाळेतल्या पोरासारखा डबा उघडून भाकरी खायची? छे. त्यापेक्षा उपवास बरा. उपवासाला कुणी कारण विचारत नाही.

मेहुण्याने दिवा स्टेशनजवळ नवा फ्लॅट घेतलेला, त्याची सत्यनारायणाची पूजा होती. प्रसादाचा शिरा रव्याचा, पण उपवास असल्यामुळे मी तो कागदात बांधून खिशात घातला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. मग पानं वाढली. पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि वाफाळता पांढरा भात. त्या पानातला माझ्यासाठी पोटभरीचा बिनधोक पदार्थ एकच होता, तो भात, आणि तोच मी स्वतःच्या तोंडाने बंद करून बसलेलो.

"तुमच्यासाठी साबुदाण्याचे वडे करते," वहिनी म्हणाल्या.

हात धुवायच्या निमित्ताने मी स्वयंपाकघरात डोकावलो. गॅसवर पुऱ्या तळलेलीच कढई. तेल काळपट झालेलं, गढूळ, कडेने फेस. तळाला पुऱ्यांचा जळका चुरा, मेलेल्या मुंग्यांसारखा. वहिनींनी त्यातच वडे सोडले. वडा वर आला तेव्हा त्याच्या पोटाला तो चुरा चिकटलेला. मला तिथेच शिसारी आली. तेव्हा तरी बोलायचं! पण एका दारात दोन थापा मारून झालेल्या, तिसरं वाक्य खरं कसं बोलणार?

मी चार वडे खाल्ले. मीठ नाही, तिखट नाही. बाहेरून खवट तेल आणि आत कोमट, लिबलिबीत गोळा. प्रत्येक घास टाळूला चिकटत होता, आणि मी "वा, छान" म्हणत होतो. सांगायलाही किळस वाटते, पण पाचवा मी मागून घेतला.

चार वाजता पोटात पहिली कळ आली. त्या फ्लॅटमधल्या संडासाचं दार थेट बाहेरच्या खोलीत उघडायचं, आणि त्या खोलीत सगळे पाहुणे चहा पीत बसलेले. पहिल्यांदा गेलो, तेव्हा सगळ्यांनी सभ्यपणे आपापल्या कपात बघितलं. तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा मेहुणा ओरडला, "काय भावोजी, सूर्यदेव कोपले की काय?" पाचव्यांदा मात्र कुणी हसलं नाही. वासच तसा होता. एका बाईंनी पदर नाकाला लावला, कप तसाच ठेवला. माझाच वास, पण मलाच उलटी आली.

आणि दिव्यात पाणी दिवसाआड, तेही तासभर. पॅसेजमध्ये एक निळं पिंप होतं, उद्यापर्यंतचं सगळ्या घराचं पाणी त्यात. मी बादलीवर बादली नेत होतो. शेवटी तांब्या पिंपाच्या तळाला खरवडू लागला, तो आवाज सगळ्या घराने ऐकला.

दाराआडून मला बायकोचा आवाज आला. "वहिनी, उपवास-बिपवास काही नाही हो. यांना गहू चालत नाही, डॉक्टरांनीच सांगितलंय. वडे कशात तळलेत?"

"पुऱ्यांच्याच तेलात. कॅलेंडर बघितलं, म्हटलं, उपवासच खोटा, त्याला नवं तेल कशाला काढू? मला वाटलं, आमच्या पुऱ्यांना नाक मुरडतायत." मग आवाज बारीक झाला. "सांगायचं ना गं. भात होता की. कढई घासून वेगळं तेल दिलं असतं."

मी आत, घामाने निथळत, भिंतीला टेकून ऐकत होतो. एवढी घाण सगळी माझ्याच तोंडून निघालेली.

निघताना मी वहिनींची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "असू दे भावोजी, उद्या पाणी येईलच." मेहुणा मात्र दोन बादल्या घेऊन शेजाऱ्यांची दारं वाजवत फिरत होता.

पुढचे आठ दिवस मी पेजेवर काढले. पण बायको जे बोलली, ते त्याच दिवशी, घरी आल्या आल्या. पिशवीतून डबा काढून तिने माझ्यासमोर ठेवला. भाकऱ्या तशाच, कडक झालेल्या.

"हा उघडायची लाज वाटली तुम्हाला," ती म्हणाली. "आणि त्यांचं पिंप रिकामं करायची नाही वाटली?"