दातातली दोरी

गवंडीकाका भिंतीची ओळ सरळ ठेवायची दोरी दातात धरून शिव्या देऊ शकत. दोन्ही हात खिळ्याशी गुंतलेले, दोरीचं टोक समोरच्या दातांत आवळलेलं, आणि तशातही मजुरांचा उद्धार चालू. शब्द कळत नसत, अर्थ सगळ्यांना पोचे. आसनगावपासून मुरबाडपर्यंत आपण बांधलेल्या भिंती सरळ आहेत त्या या दातांच्या जोरावर, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्या दातांवर वर्षानुवर्षांचं पिवळट कीटण चढलेलं होतं. काका ते नखाने वाजवून दाखवत. "गिलावा हाय ह्यो. ह्याच्यामुलं दात टिकून हायेत." शेजारच्या एकाने शहापूरला जाऊन दात साफ करून घेतले आणि ते हलू लागले, तेव्हा काकांना पुरावाच मिळाला. "डाक्टरनं गिलावा उतरवला, मंग भिंत हलनारच ना!" हे शास्त्र ऐकून आमच्या आळीतल्या निम्म्या लोकांनी दवाखान्याचं नाव टाकलं.

ब्रश केला की त्यांच्या हिरड्यांतून रक्त येई. काकांनी ब्रशच सोडला. "थांबलं का नाय रगत?" असं वर विचारत. काकी कपाळाला हात लावी. "अवो, वास येतो तोंडाला, जावा की एकदा!"

मग आमची मागची खोली बांधताना त्यांनी दोरीला ओढ दिली आणि समोरचा दात दोरीबरोबर घमेल्यात पडला. काकांनी तो मालातून उचलला, धुतला आणि माझ्या वडिलांच्या हातावर ठेवला. "बगा, कीड नाय एक पन!" खरंच नव्हती. दात अगदी ठणठणीत होता, फक्त तोंडाबाहेर होता.

त्याच दिवशी वडिलांनी जुन्या भिंतीचा फुगलेला गिलावा दाखवला आणि वरून एक हात मारायला सांगितलं. काका भडकले. "वरून मारून काय? आत वल मुरलीय. इटा चांगल्या हायेत, पन मदला माल खाल्लाय तिनं. गिलावा भिंतीला धरीत नाय, भिंत गिलाव्याला धरते!"

जेवणाचा डबा घेऊन आलेली काकी दारात उभी होती. "मंग तोंडात काय येगलं हाय?" तिने विचारलं.

काकांनी जीभ फिरवून उरलेले दात चाचपले. दुसऱ्या दिवशी ते मुकाट्याने शहापूरला गेले. कीटणाखाली पू साठला होता, हिरड्या सुटल्या होत्या, हाड झिजलं होतं. दात हलत होतेच, कीटणाने ते फक्त लपवलं होतं. बरेच काढावे लागले, थोडे वाचले. दोरी मात्र तोंडात धरायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

तेव्हापासून दोरीचं दुसरं टोक काकी धरू लागली. कसाऱ्याकडच्या कामांवरही ती सोबत जाई. "सैल सोडू नको गो," एवढंच काका म्हणत. आता शब्द कळत असल्यामुळे शिव्या बंद झाल्या होत्या.

काका गेले त्यालाही बरीच वर्षं झाली. माझा फार जीव होता त्यांच्यावर. ब्रशवर रक्ताचा ठिपका दिसला की मी ब्रश सोडत नाही, दवाखाना गाठतो. मध्यंतरी काकीला भेटायला गेलो, तर ती दोरी दाराजवळच्या खिळ्याला होती. काकीने तिचं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

"माजं टोक धरून हाय रं मी," ती म्हणाली. "पलीकडं ओढाया कोन नाय."